कर्फकाका

लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर माणसं आधी जेवणाची पंगत कुठे आहे ते बघतात. कर्फकाका चौकटींचे कोपरे बघतात. अक्षता पडल्या की ते भेटायला स्टेजवर जातात, पाकीट देतात, वधूवरांच्या मागच्या सजावटीच्या चौकटीवर हळूच नख फिरवतात आणि खाली येऊन मला सांगतात, "मायटरचा सांधा उघडा पडलाय. पंचेचाळीसच्या जागी चव्वेचाळीसला कापलंय. एका कोपऱ्यात दोन अंश, चार कोपऱ्यांत आठ. आणि म्हणे इव्हेंट मॅनेजमेंट!" घरी परतताना काकू विचारतात, मुलगी कशी आहे हो? काकांनी मुलगी पाहिलेलीच नसते.

काकांचं खरं नाव जिन्याखालच्या पाटीवर आहे. कर्फकाका हे पोरांनी ठेवलेलं. कर्फ म्हणजे करवतीचं पातं लाकडातून जाताना जेवढ्या रुंदीचा भुसा करतं, तेवढी जागा. हे जगात कुणालाच ठाऊक नाही अशी काकांची समजूत आहे आणि आमच्या सोसायटीपुरती ती काही वर्षांपूर्वी खरी होती. आता पाचवीतली पोरंही सांगतात, कारण क्रिकेटचा चेंडू काकांच्या गॅरेजात गेला की परीक्षा दिल्याशिवाय परत मिळत नाही.

"चार फुटी फळीचे मधोमध दोन तुकडे केले. एकेक केवढा?"

"दोन फूट."

"आणि कर्फ काय तुझ्या आजोबांनी भरायचा?"

काका आयुष्यभर लेखा विभागात होते. घसारा धरल्याशिवाय ताळेबंद खरा होत नाही हे ज्याच्या अंगात मुरलं, त्याला कर्फ पटायला कितीसा वेळ लागणार! जाड पात्याचा कर्फ सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुतारांच्या भाषेत एक सूत. इंचात आठ सूत. आठ फुटी प्लायच्या आठ पट्ट्या करायच्या तर सात काप, सात सूत भुशात. "जवळजवळ एक इंच! पैसे देऊन आणलेला!" असं म्हणताना त्यांचा आवाज असा चढतो की कुणी अफरातफर केली असं वाटावं.

निवृत्तीच्या पैशांतून काकांनी टेबल सॉ घेतला. पुण्यातल्या बोहरी आळीत त्यासाठी ते इतक्यांदा गेले की शेवटी दुकानदारच चहा सांगू लागला. सॉ आला त्या दिवसापासून गाडी पावसात आणि सॉ छपराखाली. त्याच्या शेजारी मायटर सॉ, जिगसॉ आणि हातातला सर्क्युलर सॉ आहे. पात्यांना मात्र वेगळा खण आहे, आणि प्रत्येक पात्यावर दात्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी. लाकूड तंतूंच्या दिशेने उभं चिरायचं ते रिप. त्याला चोवीस दाते पुरतात. त्यांची टोकं सपाट आणि मधल्या खाचा खोल, म्हणजे लांब लांब भुसा बाहेर पडतो. तंतूंना आडवं कापायचं ते क्रॉसकट. त्याला साठ नाहीतर ऐंशी दाते. एक डावीकडे तासलेला, पुढचा उजवीकडे, म्हणजे तंतू आधी दोन्ही बाजूंनी कापले जातात आणि मग सुटतात. उलटसुलट वापरलंत तर एकीकडे लाकूड जळून काळं पडतं आणि दुसरीकडे कडा पिंजून निघते.

माणसंही काका दात्यांवर मोजतात. आमचे सेक्रेटरी चोवीस दात्यांचे: काम झटपट, कडा ओबडधोबड. खजिनदार ऐंशीचे: कड गुळगुळीत, पण पुढे सरकतील तर शपथ. मी किती दात्यांचा, हे मी विचारलेलं नाही.

इतिहासही त्यांचा पक्का. जिगसॉ कसा जन्मला? १९४६च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या आल्बर्ट काउफमान या गृहस्थाने बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढली आणि तिथे करवतीचं पातं बसवलं. ही हकीकत काकांनी जेवताना रंगवून सांगितली आणि त्याच संध्याकाळी काकूंनी आपलं शिलाई मशीन माहेरी पाठवलं. अमेरिकेतल्या एका शोधकाने धावत्या पात्यात सॉसेज सरकवून दाखवलं, की पात्याला मांस लागताच ते पापणी लवायच्या आत थांबतं, सॉसेजवर नुसता ओरखडा. काकांच्या सॉमध्ये ती सोय नाही. आपला सॉ तसा नाहीच याची खात्री करून घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. पण ते सॉसेज घरात येणार नाही असं काकूंनी सांगितल्याने तो प्रयोग राहिला.

एवढी यंत्रं असलेल्या माणसाच्या घरी लाकडी वस्तूंची रेलचेल असेल असं वाटेल. तसं काही नाही. कारण काका यंत्राला घाबरतात. त्यांनी हिशेब केलाय: दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर दात्याचा वेग ताशी एकशे नव्वद किलोमीटर भरतो. फळी कापता कापता मिटून पात्याच्या मागच्या बाजूला चिमटली, तर वर येणारे दाते तिला उचलतात आणि त्या वेगाने माणसाच्या पोटावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. ते होऊ नये म्हणून पात्यामागे एक पोलादी पान असतं, रायविंग नाइफ. ते काप उघडा ठेवतं. काका ते पान रोज तपासतात. मग प्लग काढून, गुण्या लावून पातं काटकोनात आहे का ते बघतात. मग फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पट्टी, पात्याला समांतर आहे का, पुढून मोजतात, मागून मोजतात. चष्मा, कानावर मफ, फुलशर्टाच्या बाह्या वर. सोसायटीत दुपारी एक ते चार आवाजाला बंदी आहे. काकांची तयारी पावणेएकला पुरी होते.

उरलेल्या पंधरा मिनिटांत ते पुश स्टिक करतात. पुश स्टिक म्हणजे लाकूड पात्याकडे सरकवायची खाचेची काठी, बोटं लांब राहावीत म्हणून. काकांच्या कारखान्याचं हे एकमेव नियमित उत्पादन. वाढदिवस, बारसं, बदली, काका पुश स्टिक देतात. माझ्याकडे तीन आहेत. एकीने आम्ही गिझरचं बटण दाबतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर किचनचं काम निघालं. मिस्त्रींनी चार इंची मार्बल कटर घेतला, त्याला लाकडाचं पातं लावलं, गार्ड काढून टाकला आणि कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा कसून बसवला. झाला टेबल सॉ. काकांना ते दिसलं आणि ते जिन्यातच बसले.

"अहो मिस्त्री, हे दगड कापायचं यंत्र! बारा-तेरा हजार फेरे! ना गार्ड, ना रायविंग नाइफ!"

मिस्त्रींनी दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली. काकांनी ती मोजली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पुश स्टिक नेऊन दिल्या. मिस्त्रींनी आभार मानले आणि एकीने फेविकॉल ढवळायला घेतला. काका परत निघाले होते, पण पाय निघेना. पल्ले मिस्त्री कटर हातात धरून कापत होते, सनमायकाच्या कडा उडत होत्या आणि काकांना ते बघवेना. म्हणाले, "हातात धरून कापताय ना? मग चांगली बाजू खाली करा. हातातल्या मशीनचे दाते खालून वर येतात, टवके वरच्या बाजूला उडतात. टेबलावर उलट, तिथे चांगली बाजू वर." मिस्त्रींनी एक पल्ला उलटा ठेवून कापला. कड पाहिली, अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत आणि पुढचे सगळे पल्ले उलटे ठेवले. काम संपल्यावर काकांनी फेविकॉल न लागलेली दुसरी काठी मागून घेतली. तिच्या टोकाला पात्याने चाटल्याची ताजी खूण होती. जिथे ती काठी होती, तिथे एरवी काय असतं, हे काकांनी कुणालाही बोलून दाखवलं नाही. आणि काका एखादी गोष्ट बोलून दाखवत नाहीत म्हणजे ती मोठीच असते. ती काठी आता गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही.

काकूंची मागणी मात्र साधी होती. चपलांचा रॅक. जोशी, कुलकर्णी, सगळ्यांकडे आहे. काकांनी आराखडे काढले. कप्पे खिळ्यांनी ठोकायचे नाहीत, खाचेत बसवायचे. तंतूंना आडवी खाच तो डॅडो, तंतूंच्या दिशेने जाणारी ती ग्रूव्ह, कडेची पायरी तो रॅबेट. तिन्ही एकाच रॅकमध्ये आले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. टिंबर मार्केटातून सागवान आलं. मग वाळायला थांबलं. मग काका थांबले. दोन पावसाळे गेले. आणि एके दिवशी, पावणेएकला नव्हे, चांगलं सकाळी नऊला, सॉ सुरू झाला. आम्ही खिडक्यांत जमलो.

रॅक खरोखर देखणा झाला. डॅडोत फळी अशी बसली की कागद जाणार नाही. कुठे स्क्रू दिसत नाही. काकांनी त्याला मेण चोळलं आणि रॅक दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी मांडला. आलेल्यागेलेल्याने वाकून कप्प्यांची खालची बाजू बघायची, कारण खरी गंमत खालच्या सांध्यात आहे. मिस्त्रींनाही मुद्दाम बोलावलं. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"भारी बसलंय, काका. आपल्याच्यानं नाही होणार. पण चपला?"

"ह्याच्यावर?" काका दचकले. "चिखल जाईल ना डॅडोत!"

चपला दाराबाहेर होत्या तशाच पसरलेल्या होत्या. मिस्त्रींनी आपल्या शोधून पायात घातल्या.

"त्यासाठी वेगळा रॅक करायचाय," काका म्हणाले. "फक्त त्याला बँड सॉ लागेल."

काकू आतून म्हणाल्या, "मिस्त्री, जरा थांबा. तुमचा नंबर द्या मला."