बदलापूर लोकलमधून डॉक्टरेट : नवशिक्यांसाठी

शाश्वत विकास या विषयात ऑनलाइन पीएच.डी. करायचं ठरवलंत, त्याबद्दल अभिनंदन. ती आपल्याकडे करता येत नाही. आता निवांत बसून पुढचं वाचा.

पायरी पहिली : फोन उचलू नका. इंटरनेटवर एकदा ‘ऑनलाइन पीएच.डी.’ शोधलंत की दहा मिनिटांत मोबाइल वाजतो. पलीकडची मुलगी इतकी अदबीनं बोलते की घरातल्या सगळ्यांना स्पीकरवर ऐकवावंसं वाटतं. “सर, फक्त शनिवार-रविवार क्लास, दोन वर्षांत तुम्ही डॉक्टर, हप्त्यांचीही सोय आहे.” विद्यापीठ परदेशातलं. मला सांगितलेला देश मी मुलीच्या शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये शोधला, तेव्हा कुठे सापडला. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून जाहीर केलं होतं की शिकवणी कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून विकलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. खरं तर आपल्या कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाला हे आयोगानं सांगायची गरज नव्हती. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत आपण मोठे झालो. पदवीचंही लेबल आधी उलटून बघावं. (उल्हासनगरवर अन्याय नको. तिथली जीन्स निदान चार पावसाळे टिकते.)

नावामागे ‘डॉ.’ तातडीनंच हवं असेल तर चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स वाचा. काल-परवापर्यंत नुसते ‘भाऊ’ असलेले कितीतरी जण तिथे रातोरात डॉक्टर झालेले दिसतील. १९५६ च्या यूजीसी कायद्यात पदवी कुणी द्यायची हे कलम २२ मध्ये लिहिलंय, पण फ्लेक्स छापणारा कलम विचारत नाही, फक्त साइझ विचारतो.

पायरी दुसरी : पार्ट-टाइम. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी परवानगी आहे, मात्र ऑफिसकडून ना-हरकत पत्र लागतं. त्यात साहेबांनी लिहून द्यायचं असतं की या कर्मचाऱ्याला कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो. हे पत्र मागायला जाताना मार्च महिना टाळा. मी मार्चमध्येच गेलो. साहेबांनी चष्मा काढला, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “तुम्हाला वेळ मिळतो, हे मला आधी का नाही कळलं?” तेव्हापासून माझ्याकडे आणखी एक टेबल आहे.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर फेरनोंदणी करून आणखी दोन. बाईमाणसाला त्यावर दोन वर्षांची सवलत असते. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, “मग मीच करते ना, मला दहा मिळतील.” उत्तर सुचलं नाही.

पायरी अडीचवी : बसायला जागा. संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही आणि आमच्याकडे यावाचून पुढचे धडे सुरू होत नाहीत. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, म्हणजे रोज जाऊन-येऊन साधारण तीन तास वाचन. अर्थात बसायला मिळालं तर. बदलापूरवाल्यांनी गाडी फलाटाला पुरती लागायच्या आत चढावं. अंबरनाथवाल्यांनी उलट दिशेनं बदलापूरला येऊन त्याच गाडीत बसून राहावं. याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात, आणि बदलापूरकर याकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर म्हणजे साधनसंपत्तीच्या न्याय्य वाटपावरचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं बसून लॅपटॉप उघडता येत नाही. तिथे फक्त पीडीएफ वाचावी, तीही मोबाइलवर, आणि शेजारच्याला चालत असेल तर मोठ्या अक्षरात, कारण तोही वाचत असतो.

विषय निवडताना हात आखडता घेऊ नका, तो गाइड आखडून देतात. माझा विषय सुरुवातीला ‘विकसनशील देशांतील नागरीकरण आणि संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं’ असा होता. गाइड म्हणाले, “सतरातलं एक घ्या.” सहावं घेतलं, पाण्याचं. “देश?” भारत. “जिल्हा?” ठाणे. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, “तुमच्या घराजवळ काय आहे?” मी म्हणालो, “घाण वास.” विषय नक्की झाला.

व्याख्येपासून सुरुवात करायची रीत आहे. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या ताटात हात घालू नये, असा तिचा घरगुती अर्थ. ती नावानिशी, अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोजणीतून सुटते. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार माफ आहे. आणि झालेले प्रबंध वाचायचे तर ‘शोधगंगा’वर जा. देशभरातले प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. मी महिनाभर रात्री-रात्री त्या गंगेत डुंबलो, आणि रोज सकाळी नाकाला रुमाल लावून वालधुनी ओलांडली.

वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. अंबरनाथला ती शिवमंदिराला लगटून जाते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहारांनी हे देऊळ नदीकाठी बांधलं, तेव्हा काठ देवाला शोभेसा असावा. तिथून पुढे कारखाने, मग उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण आणि शेवटी खाडी. उल्हासनगर ही फाळणीत सिंध सोडून आलेल्या माणसांची वसाहत. महायुद्धातल्या लष्करी बराकींत कुटुंबं राहिली, ‘कल्याण कॅम्प’ला १९४९ मध्ये नवं नाव मिळालं, आणि काही वर्षांत तिथे काय बनत नाही हे सांगणं अवघड झालं. टाकलेल्या बराकीत संसार आणि उरलेल्या मालातून धंदा. आज ज्याला परिषदांमध्ये ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीत प्लास्टिकच्या पेल्यात चहा देतात, ती हीच. पण त्याच कॅम्पांत जीन्स धुवायची, विटवायची कामं वाढली, आणि अंबरनाथच्या रसायनांनी आधीच काळवंडलेल्या नदीत त्यांचं निळं पाणी मिसळलं. ‘वनशक्ती’ या संस्थेनं हरित लवादात दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस एका रात्री कुणीतरी नाल्यात रसायन सोडलं आणि काठच्या लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. कारवाया झाल्यावर जीन्सची बरीचशी धुलाई शहराबाहेरच्या गावांकडे सरकली. नदी वाचली की प्रदूषणानं नुसता पत्ता बदलला, हा माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न. सतरा उद्दिष्टांत त्याला रकाना नाही.

इथे नवशिक्यांची एक चूक सांगतो, कारण ती मीच केली. ऑनलाइनचा मोह सुटत नव्हता म्हणून मी प्रश्नावली मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये केली. ‘वालधुनी नदीच्या शाश्वत व्यवस्थापनाविषयी आपलं मत’. सोसायट्यांच्या, शाळेच्या, भजनी मंडळाच्या अशा सगळ्या ग्रुपांवर टाकली. एकवीस उत्तरं आली. त्यांतल्या अकरा जणांनी ‘नदीच्या सध्याच्या स्थितीबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नापुढे ‘लागू नाही’ लिहिलं होतं. एकानं विचारलं होतं, ‘कुठली नदी?’ सात ‘शुभ सकाळ’.

मग एका रविवारी वही घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. एका आजींच्या दारात उभं राहून म्हटलं, “आजी, वालधुनी नदीबद्दल विचारायचं होतं.” त्यांनी मान हलवली. नदी इथे नाही, कल्याणला असेल. मी मागे बोट केलं. “अरे, वो नाला!” आणि आजी बोलायला लागल्या. कुठल्या साली पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, २६ जुलैच्या महापुरात नातवाला कसं वरच्या मजल्यावर पोचवलं, कुठल्या वारी पाणी निळं असायचं, कुठल्या वारी लाल, रात्री किती वाजता वास वाढतो म्हणजे कोण काय सोडतं. दीड तास. चहा दोनदा. संध्याकाळी घरी येऊन मी फॉर्ममधला ‘नदी’ हा शब्द खोडून ‘नाला’ केला. गाइडना तो बदल मान्य झाला, समितीला झाला नाही. सरकारी कागदावर ती नदी आहे.

म्हणून क्षेत्रकार्याची पायरी वेगळी लिहीत नाही. एवढंच करा की चप्पल जुनी घाला आणि पावसाळ्यात उल्हास नदीच्या अंगाला एकटे जाऊ नका. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आणि हजारावर प्रवासी बाहेर काढायला नौदलापर्यंत सगळे आले होते. संशोधकासाठी येतील याची खात्री नाही.

संदर्भ शोधायचे तर बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुनी मराठी नियतकालिकं आहेत. पीडीएफ नाही, खरा कागद. शिंका येतात.

आता रोजच्या वाचनाची शेवटची सूचना. सकाळच्या गाडीत अंबरनाथपर्यंत ब्रुंटलँड वाचा. उल्हासनगर आलं की मोबाइल खिशात टाका. खिडकीची जागा मिळाली असेल तर विठ्ठलवाडीपर्यंत बाहेर बघत राहा. पाण्याचा रंग, फेस आहे का, काठावर कुणाचा टँकर उभा आहे, वहीत तारीख घालून लिहा. माझ्या अशा चार वह्या झाल्यात. पाचवी चालू आहे, आणि रोज त्याच ठिकाणी समोरचा कुणीतरी नाक दाबून म्हणतोच, “काका, खिडकी लावा ना, वास येतोय.”