दोन एमबीवर अडकलेल्या फाइलीसाठी मार्गदर्शिका

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता व्हीपीएन जोडून चार जीबीचा बॅकअप एससीपीने सर्व्हरवर चढवायला घेतलेल्या आणि २ एमबीनंतर पडद्यावर ‘स्टॉल्ड’ उमटलेल्या सज्जनांसाठीच हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी ट्रॅफिक वाढायच्या आत घरी जावे.

सर्वप्रथम पडद्याकडे रोखून पाहावे. फाइल याने हलत नाही, पण शेजारच्याला तुम्ही काम करताय असे वाटते. एससीपी तसा सरळमार्गी आहे. पाच सेकंद काही पुढे सरकले नाही की अडकल्याचे तो स्वतःच कबूल करतो. हीच कबुली नेटवर्क विभागाकडून मिळवायला सोमवार उजाडतो.

मग सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे. पुन्हा २ एमबी. हे २ एमबी पलीकडे पोहोचले असा गोड गैरसमज नसावा. तुमच्या मशीनने स्वतःच्याच बफरमध्ये ओतलेल्या मालाचा तो हिशेब आहे. पलीकडे लॉगिन करून पाहिलेत तर शून्य बाइटांची, नाव मात्र अचूक असलेली फाइल दिसेल.

आता नेटवर्कवाल्यांना फोन. “आमच्याकडून सगळं ओके आहे. पिंग जातोय ना सर?” जातोय. “लॉगिन होतंय ना?” होतंय. “मग झालं तर!” वाद घालू नये. त्या बिचाऱ्याने नकळत अचूक निदान केले आहे: लहान पॅकेट जातात, मोठे गडप होतात.

इथे थोडे थांबू. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटांपर्यंत चालते. व्हीपीएन त्यावर स्वतःचे वेष्टण चढवतो, त्यामुळे आत कमी जागा उरते. वायरगार्ड सहसा १४२० धरतो. वाटेत एखादा राउटर त्याहून अरुंद निघाला, तर पॅकेट टाकून देऊन ‘एवढे मोठे चालणार नाही’ अशी आयसीएमपी चिठ्ठी त्याने परत धाडावी, ही पद्धत १९९० पासून लिहून ठेवलेली आहे. पण कुठल्यातरी सुरक्षा-सल्लागाराने ‘आयसीएमपी धोकादायक’ म्हणून फायरवॉलवर पिंग वगळता सरसकट बंद केलेले असते. म्हणजे रेल्वेपुलाखालच्या कमानीत उंच ट्रक रोज अडकतोय, आणि मालकाला तसे कळवणाऱ्या पोऱ्यालाच नाक्यावर डांबून ठेवलेय. मालक भाबडेपणाने तोच ट्रक पुन्हा पाठवतो.

एव्हाना मीटिंग लागलेली असेल. तिथे कोणीतरी वरिष्ठ ‘हे एन्क्रिप्शनच जड होतंय, साधं एफटीपी वापरा’ असे सुचवेल. अदबीने मान डोलवावी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरणारा स्निफर सापडला, म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले, तुमचा एससीपी चालतो तो याच एसएसएचवर. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्यामधले रिकामे २२ नंबरचे पोर्ट त्यांनी मुद्दाम मागून घेतले, कारण या दोघांचीच जागा घ्यायची होती. मीटिंगमध्ये हे सांगू नये. अप्रेझल जवळ आलेले असते.

मीटिंग चालू असतानाच, माइक म्यूट करून, माप घ्यावे. ‘तुकडे करू नका’ अशी ताकीद लावून पिंगला १४७२ बाइटांचे ओझे द्यावे. वर २८ बाइटांचे हेडर, झाले १५००. ‘मेसेज टू लाँग’ असे उत्तर आले तर हुरळू नये, ते तुमचेच मशीन बोलतेय. तसे झाले किंवा नुसती शांतता असेल, तर आकडा उतरवत न्यावा. समजा १३७२ ला उत्तर आले, तर २८ मिळवून १४०० होतात. व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, तेवढा ठेवावा आणि कनेक्शन नव्याने जोडावे. राउटर तुमच्या ताब्यात असेल तर तिथे एमएसएस, म्हणजे टीसीपीच्या तुकड्याची कमाल लांबी, आवळणे जास्त बरे, म्हणजे बाकीची जनताही सुटते. पण ताब्यात नसतोच.

एक उपसूचना वर्डमध्ये वाढलेल्यांसाठी. टर्मिनलमध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबून ‘सेव्ह’ केलेत का? त्याने काही सेव्ह होत नाही, टर्मिनल गोठतो. कंट्रोल-क्यू दाबावे आणि वरचे सगळे वाचलेच नाही असे समजावे.

एससीपीचा वेग बांधून फाइल ढकलण्याचा तोडगाही सांगितला जातो. कधीकधी चालतो, का चाललाय ते कळत नाही, म्हणून मला तो आवडत नाही. त्यापेक्षा आरसिंक घ्यावे, ‘पार्शल’ पर्याय लावून. नाहीतर तीन जीबीनंतर लाइन तुटली की अर्धवट फाइल आरसिंक टापटिपीने पुसून टाकते.

फाइल धावू लागली की आरडाओरडा करू नये. सोमवारी तुमचे तिकीट नेटवर्क विभागाकडून बंद होऊन येईल. शेरा असेल: ‘युझर एंडला इश्यू होता. आमच्याकडून तपासले. रिझॉल्व्हड.’ खाली समाधानाचे पाच तारे मागितलेले असतील. पाचही द्यावेत, पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्यांनाच फोन करायचा आहे.