चुकीच्या कपाटातली बरोबर पुस्तकं

निवृत्तीनंतर पारोळ्याच्या आप्पांना ज्ञानाची भूक लागली. अट साधीच होती: पुस्तक इतिहासाचं किंवा विज्ञानाचं असावं, खरं असावं आणि पंधराव्या पानाच्या आत डोळा लागू नये.

"काय जोयजे, आप्पा?" म्हणत ग्रंथपालाने 'इतिहास' अशी चिठ्ठी लावलेलं कपाट उघडलं. समोर राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. पहिला खंड १८९८चा, एकूण बावीस. राजवाडे १९२६ साली वारले तेही धुळ्यात, म्हणजे माणूस आपल्याकडचाच! आप्पांनी अभिमानाने एक खंड घरी नेला. जुनी पत्रं, जुनी भाषा. तिसऱ्या पानावर चष्मा छातीवर उतरला. राजवाड्यांनी ज्वारी निवडून ठेवली होती. आप्पांना थापलेली भाकरी हवी होती.

ती सापडली भलत्याच फळ्यांवर.

नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' कौटुंबिक कादंबऱ्यांत बसलं होतं. जडलेलं नातं खगोलशास्त्राशी आहे हे चिठ्ठी चिकटवणाऱ्याला कुठून कळणार? शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगणारं अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' जादूच्या प्रयोगांशेजारी. आप्पांनी दोन्हींचा फडशा पाडला आणि एका संध्याकाळी ओट्यावर जाहीर केलं, "हा दिसतोय तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा."

"मंग हाऊ चहा बी तधळनाच शे," काकूंनी कप पुढे सरकवला.

खरं घबाड मात्र प्रवासवर्णनांत, युरोपच्या सहलींना खेटून होतं: गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचे हे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. पुस्तक छापून आलं १९०७ साली. आप्पा रात्री दोनपर्यंत वाचत बसले. ज्या गावात १७२७च्या किल्ल्याजवळ ते रोज मेथीच्या जुडीवरून घासाघीस करतात, त्या पारोळ्याची जहागीर झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांकडे होती!

पुस्तक परत करताना त्यांनी ते 'इतिहासा'त हलवायला सांगितलं. ग्रंथपालाने लगेच मान डोलावली. मग आप्पांच्या लक्षात आलं, त्या कपाटाचं कुलूप गेल्या वर्षात त्यांच्याखेरीज कुणासाठी उघडलंच नव्हतं. ग्रंथपालाची पाठ वळताच त्यांनी पुस्तक गुपचूप युरोपशेजारी सरकवलं.

चौथ्या दिवशी ते गेलं. काशीयात्रेला निघालेल्या एका शेजाऱ्याने नेलं आणि आठवड्याने तक्रार घेऊन आला: लढाई झकास आहे, पण धर्मशाळेचा एकही फोन नंबर नाही.