आऊट ऑफ स्टॉक काका

काकांना फोन घ्यायचाय. हे वाक्य 2014 साली खरं होतं आणि आजही खरं आहे. मधल्या काळात काही कंपन्या आल्या, काही गेल्या, काकांची कॉलेजात जाणारी मुलगी सासरी गेली, पण फोनचा विषय निघाला की काकांचं उत्तर तेच : "घेणारच आहे. जरा दुकानात नीट येऊ दे."

आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'आऊट ऑफ स्टॉक काका' ठेवलंय. काकांना ते ठाऊक आहे आणि त्याचा रागही नाही. असा एक काका प्रत्येक कॉलनीत असतो. आमचा जरा जास्त अभ्यासू आहे, इतकंच.

'दुकानात नीट येणं' याची काकांची व्याख्या कडक आहे. फोन एमजी रोडवरच्या निदान चार दुकानांत एकाच वेळी हवा, म्हणजे एकाचा भाव दुसऱ्याला सांगता येतो. हवा तोच रंग, हवी तीच मेमरी. 'काका, काळाच शिल्लक आहे' हे चालणार नाही. हाताळायला खरा, चालू फोन मिळाला पाहिजे. पक्कं बिल. वर कव्हर आणि काच फुकट, आणि काच लावताना आत बुडबुडा राहिला तर दुसरी काच, तीही फुकट. हे सगळं जुळून येण्यापेक्षा मुलीची पत्रिका लवकर जुळली.

सगळा दोष काकांच्या माथी मारणं बरोबर नाही. त्या 2014 साली शाओमीचे फोन भारतात आले ते फक्त फ्लिपकार्टवर. रेडमी 1एस, किंमत 5,999. आधी नाव नोंदवायचं आणि मंगळवारी दुपारी दोनच्या ठोक्याला बटण दाबायचं. एका मंगळवारी 40 हजार फोन पाच सेकंदांच्या आत संपल्याचं कंपनीने जाहीर केलं. आता ज्या कचेरीत फाइलला एक टेबल ओलांडायला पंधरवडा लागतो, तिथे नोकरी केलेल्या माणसाला पाच सेकंद हा कालावधी कसा पटावा? काका चष्मा पुसून नाकावर चढवेपर्यंत विक्री आटोपलेली असे. त्याच डिसेंबरात वनप्लस आला, तर तो घ्यायला आधी निमंत्रण लागे. लग्नाला, मुंजीला निमंत्रण असतं हे काकांना माहीत होतं. आपलेच 21,999 रुपये द्यायलाही कुणी आग्रहाने बोलवावं लागतं, हे नवीन होतं. निमंत्रणाशिवाय ते कुणाच्या दारात जात नाहीत. गेले नाहीत.

तेव्हापासून काका दुकानाचे भक्त झाले. पण दुकानाचीही एक रीत असते. ऑनलाइन संपलेला फोन काउंटरच्या खाली असतो, पाचशे-हजार रुपये वर दिले की वर येतो. नाहीतर, "फोन आहे काका, पण सोबत इअरफोन घ्यावा लागेल." आणि हेही जमलं नाही, तर कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा मध्ये उभा राहतो : "त्याला काय बघता काका? हा बघा, सेल्फी काय येतो!" काकांनी सेल्फी काढून घेतला, चांगला आला म्हणाले आणि घरी आले.

असे वरचे पैसे, म्हणजे 'ऑन', देणं मात्र काकांच्या रक्तात नाही. त्यांच्या वडिलांनी बजाज स्कूटरचा नंबर लावला होता. त्या काळी स्कूटरसाठी आठ-दहा वर्षं थांबणारी माणसं होती, आणि नंबर लागला की तीच गाडी चढ्या भावाने विकून मोकळे होणारे शहाणेही होते. वडिलांनी ना ऑन घेतला, ना दिला. गाडी आली तेव्हा काका दहावीत गेलेले. अशा घरातल्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात माल येतोय' हे आश्वासन म्हणजे जवळजवळ होम डिलिव्हरीच वाटते.

शिवाय थांबण्याला शास्त्राधार आहे. पहिला लॉट कंपनी मुद्दाम छोटा काढते, सुटे भाग काही महिन्यांत स्वस्त होतात, किंमत उतरते, आणि पहिल्या गिऱ्हाइकांच्या खर्चाने फोनच्या खोडी बाहेर येतात, असं काका बोटांवर मोजून सांगतात. 2016 च्या फेब्रुवारीत 251 रुपयांच्या फ्रीडम फोनसाठी अर्धी कॉलनी रात्री जागली, काका झोपले. त्याच वर्षी सॅमसंगच्या गॅलक्सी नोट 7 च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, विमानात तो वापरायला बंदी झाली, भारतात तर तो विक्रीला आलाच नाही. ही बातमी आली त्या संध्याकाळी काका कॉलनीत दोन फेऱ्या जास्त मारून आले. "मी काय म्हणत होतो?" त्यांना नोट 7 परवडणार नव्हता, हा मुद्दा तेव्हा कुणी काढला नाही.

गंमत म्हणजे कॉलनीत प्रत्येक फोन काकांच्या सल्ल्यानेच येतो. प्रोसेसर कुठला, बॅटरी किती एमएएच, कुठल्या फोनचा कॅमेरा नुसता आकड्यांचा, सगळं तोंडपाठ. नवा फोन आणलात की स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून त्याचा नंबर खोक्याशी ताडून बघणार तेच. सल्ला दुपारी घेतलेला माणूस संध्याकाळी फोन घेऊन पेढे द्यायला येतो. काका पेढा घेतात आणि म्हणतात, "चांगला आहे. मी जरा थांबतो."

या थांबण्याची किंमत काकू मोजतात. काकांच्या सध्याच्या फोनचा खालचा भाग बोटाला दाद देत नाही, आणि फोन ठेवायचं लाल बटण नेमकं तिथे आहे. त्यामुळे काका फोन बंद करूच शकत नाहीत. तो समोरच्याने करावा लागतो. समोरचा विसरला की काकांच्या घरातला पुढचा संवाद त्याला ऐकू जातो. व्याह्यांच्या बाबतीत हे दोनदा झालं. तेव्हापासून काकू काकांचं बोलणं संपलं की खिडकीकडे बघत फक्त हवापाण्याविषयी बोलतात.

2023 साली मुंबईत बीकेसीला ॲपलचं दुकान उघडलं. नवा आयफोन आला की तिथे पहाटेपासून लागणारी रांग टीव्हीवर दिसते. ती बघून जावई म्हणाला, "बाबा, तुमच्याच पंथाची माणसं." काका दुखावले. "त्यांना आजच पाहिजे. मला कुठे आज पाहिजे?" आणि हे शंभर टक्के खरं आहे. रांगेतला माणूस संध्याकाळपर्यंत फोन घेऊन घरी जातो. काकांचा फोन दुकानात नीट आला, किंमत उतरली, रंगही मिळाला, की त्याच आठवड्यात त्याच्या पुढच्या मॉडेलची बातमी येते. मग एवढं थांबलो, तर आणखी दोन महिन्यांनी काय बिघडतंय?

सध्या काकांना निळा, 256 जीबीचा हवाय. एमजी रोडवर कुणाला छापील किमतीत, वर काहीही न देता दिसला, तर कृपा करून काकूंना कळवा. काकांना सांगू नका, ते तुम्हालाही थांबायला लावतील.