मस्तगडचे बॅकअपकाका

मस्तगडच्या आमच्या गल्लीत लाइट गेली की सगळ्यात आधी बॅकअपकाकांच्या जिन्याखालचा यूपीएस कोकलतो. त्यामागून काका, लुंगी सावरत. मुलाने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून त्यांनी तिथे स्वतःचा सर्व्हर थाटलाय. मे महिन्यात कूलरचं तोंड सर्व्हरकडे असतं आणि काकू गच्चीवर झोपतात.

काकांचं एकच व्रत: तीन-दोन-एक. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. "दोन डिस्क जोडून ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका," ते चहावाल्यालाही सांगतात. "चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून सारख्याच इमानदारीने पुसला जातो!" चहावाला मान डोलावतो. त्याची उधारी मात्र एकाच वहीत असते.

घराबाहेरची प्रत छत्रपती संभाजीनगरला, बहिणीकडे. दर अमावस्येला काका हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून, पोळीच्या डब्यात ठेवून एसटीने साठेक किलोमीटर नेतात. डबा मांडीवरून हलत नाही. बहीण ती डाळीच्या डब्यामागे ठेवते आणि आधीची परत देते. सोबत लोणचं. लोणच्याची बरणी दुसऱ्या पिशवीत, हे काका एकदाच शिकले.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती निजामकाळातले कागद शोधत हैदराबादेपर्यंत गेली, तेव्हा काका आठवडाभर फुगून फिरत होते. "बघा! घराबाहेरची प्रत!" जणू निजामाला सल्ला यांनीच दिला होता.

मस्तगडच्या गढीचा मात्र त्यांना राग. काबिलखानाने १७२५ मध्ये ती बांधली आणि तसं फारसीत दगडावर कोरून ठेवलं. "तीनशे वर्षं एकाच प्रतीवर! केवढा धोका!"

मी म्हटलं, "काका, प्रत शाबूत आहे. पण आपल्या गल्लीत फारसी वाचतं कोण?"

काका गप्प. मग खालच्या आवाजात, "तो फॉरमॅटचा प्रश्न. वेगळा आहे."

मलाही चेव आला. "तुमच्या त्या डिस्कमधून एखादी फाइल परत काढून पाहिलीत का कधी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देव्हाऱ्यातल्या गंगेच्या गडूचं झाकण उचकटायला निघालोय. "चांगल्या चालू डिस्कला कामून हात लावायचा?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय ते सांगा की त्यांना."

"सर्व्हरवर," काका म्हणाले. तेवढ्यात लाइट गेली.