न लढता जग कसे वाचवावे

स्क्वेअर कंपनीने १९९९ साली प्लेस्टेशनसाठी चार सीडींवर काढलेला ‘फायनल फँटसी ८’ ज्यांना तडीस न्यायचा आहे, त्यांनी आधी पराक्रमाची हौस सोडावी. इथे शूरांचे काही खरे नाही. चिकट माणूस मात्र हमखास तरतो.

नायक स्क्वॉल, वय सतरा, बालाम गार्डन या लष्करी विद्यालयाचा विद्यार्थी. बोलणे मोजके, मनातल्या मनात कुरकुर अखंड. त्याच्या बाई क्विस्टिस, वय अठरा. इथेच शंका काढत बसू नये. पुढे याहून मोठ्या शंका यायच्या आहेत, त्यांच्यासाठी थोड्या राखून ठेवाव्यात.

आता जादू. ती मुख्यतः शत्रूच्या अंगातून उपसायची असते. समोर राक्षस उभा असताना ‘ड्रॉ’ करावे. एका खेपेला फार तर नऊ नग हाती लागतात, आणि प्रत्येक जादूचा साठा माणशी शंभर करायचा असतो. लढाईत आपण तिघे. तेव्हा एखादा गरीब स्वभावाचा राक्षस गाठावा आणि अर्धा तास त्याला जिवंत ठेवावे. त्याने मध्येच एखादा फटका दिला तर मनावर घेऊ नये, त्याचाही वेळ जात नसतो.

साठा झाला की तो आपल्या ताकदीला, प्रकृतीला, चपळाईला जोडायचा. याला ‘जंक्शन’ म्हणतात आणि सगळी मेख इथे आहे: जोडलेली जादू वापरायची नाही. ‘क्युअर’ प्रकृतीला जोडलेला असताना जखम भरायला तोच खर्च केला, तर जखम भरते आणि कमाल प्रकृती घटत जाते. औषधासाठी मुदत ठेव मोडावी, तसला प्रकार. त्यामुळे जाणते खेळाडू शंभर-शंभर अग्निवर्षाव खिशात घालून हिंडतात आणि शत्रूला मारतात तलवारीने. कल्पना म्हणून ही व्यवस्था अफाट आहे. चिलखत, ढाल, अंगठ्या यांच्या खरेदीविक्रीची कटकट तिने एका झटक्यात निकालात काढली. पण ती राबवायला लावणारा ‘ड्रॉ’ इतका कंटाळवाणा आहे की कल्पना सुचलेला आणि ‘ड्रॉ’ सुचलेला माणूस एकच असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

अनुभवापासून जपावे. दर हजार गुणांना आपली पातळी एकाने चढते, हे खरे. पण आपल्याबरोबर जगातले जवळपास सगळे राक्षसही चढतात. घाम गाळून मोठे व्हावे तर शेजारचा किडाही तेवढाच मोठा झालेला. म्हणून राक्षसाला अर्धमेला करावे आणि ‘कार्ड’ ही करामत वापरून त्याचा पत्ता बनवावा. अनुभव शून्य, पत्ता हातात, शिवाय मदतीला येणाऱ्या दैवतांची विद्या वाढतेच. पत्त्यांवरून आठवले: विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टजवळच्या माणसाकडून पहिले पत्ते घ्यावेत आणि जगबुडी बाजूला ठेवून तीन बाय तीनचा डाव मांडावा. जिंकलेले पत्ते मोडून सामान मिळते, सामानातून जादू. पहिल्याच सीडीत स्क्वॉलची सर्वांत जबर तलवार घडवणारे लोक आहेत. त्यांनी युद्ध फारसे पाहिलेले नसते.

स्क्वॉलला पगारवाढ हवी? मेनू उघडून हो-नाहीचे दहा प्रश्न सोडवा. दहाही बरोबर आले की बढती. मोहिमेवर जाण्याची अट नाही.

लढाई अगदीच टळेना, तर मरणाच्या दारात उभे राहावे. प्रकृती खालावली की हल्ल्याच्या नावाशेजारी एक छोटा बाण उमटतो. तो दिसला की महाभयंकर वार करता येतो. दिसला नाही तर पाळी पुढे ढकलत राहावी, उमटेपर्यंत. ठणठणीत वीर इथे कुचकामी.

कथेबद्दल थोडक्यात. दुसऱ्या सीडीत, उद्ध्वस्त झालेल्या ट्राबिया गार्डनच्या बास्केटबॉलच्या मैदानावर, आपला साथीदार अर्व्हिन सांगतो की आपण जवळजवळ सगळे एकाच अनाथाश्रमात वाढलो आणि ज्या चेटकिणीला मारायला निघालो होतो, तीच आपल्याला सांभाळणारी बाई. इतरांना याचा पत्ता नाही, कारण दैवते डोक्यात वस्तीला आली की आठवणी पुसतात. राखून ठेवलेल्या शंका इथे सगळ्या काढाव्यात. माझ्यापुरते म्हणाल तर, इतक्या निर्लज्ज योगायोगाला मी दाद देतो. नोबुओ उएमात्सूंचे संगीत मागे वाजत असले की माणूस याहून बरेच काही पचवतो.

सर्वश्रेष्ठ विद्या शेवटी. टिंबर शहराकडे निघताना मुख्याध्यापक सिड एक जादूचा दिवा देतात. आधी खेळ सेव्ह करावा, मग दिवा वापरावा. आतून दियाब्लोस निघतो. त्याला हरवून पदरात घेतला आणि शिकवला की ‘एन्क-नन’ मिळते, म्हणजे वाटेत कोणीही लढायला येत नाही. २०१९ च्या नव्या आवृत्तीत ही सोय निर्मात्यांनी बटणावरच दिली. वीस वर्षांनी का होईना, त्यांनाही पटले.

एवढे केले की भविष्यातली चेटकीण अल्टिमेशिया फारशी दमवत नाही. मग हात मोकळे सोडून शेवटची चित्रफीत पाहावी. तीत झेल हा आपला सोबती, ज्याला कँटीनमध्ये हॉटडॉग कायम ‘संपले’ असेच ऐकावे लागले, अखेर ते मिळवतो आणि एकामागून एक तोंडात कोंबतो. हाती आलेले साठवून न ठेवता लगेच वापरणारा चार सीडींत हा एवढाच इसम, आणि त्याच्या घशात घास अडकतो.