पंचवीस टक्के आपलेच

आमच्या वाकडच्या सोसायटीत माणसं आडनावाने ओळखली जात नाहीत. गेटवरच्या वॉचमनने सगळ्यांना फ्लॅटचे नंबर बहाल केलेत आणि तेच चालतात. तर हे आमचे सातशेतीन. हिंजवडीत फेज टूला नोकरी, मुलगी चौथीत, मुलगा सिनिअर केजीत. फ्रिजशेजारच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं: एक कालनिर्णय, एक शाळेचं. शाळेचं वेळापत्रक हातात पडलं की बाकीचे पालक परीक्षा कधी आहे ते बघतात. सातशेतीन परीक्षा कधी नाही ते बघतात. हिरव्या पेनाने गोल पडतात. युनिट टेस्ट संपलेली आणि गॅदरिंगची तयारी सुरू झालेली, अशा आठवड्यातला मंगळवार ते शुक्रवार हा त्यांच्या मते वर्षातला सर्वोत्तम काळ. "शिकवत काहीच नाहीत हो तेव्हा. नुसतं लेझीम."

लाँग वीकेंड ही त्यांच्या लेखी भाबड्या लोकांची चैन. २०२४ साली १५ ऑगस्ट गुरुवारी आला आणि रक्षाबंधन १९ तारखेला, सोमवारी. मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली की पाच दिवस मोकळे. हे गणित अख्ख्या वाकडला एकाच वेळी सुटलं आणि पहाटेपासून बायपासला गाडीला गाडी लागली. सातशेतीन बाल्कनीत चहाचा कप घेऊन ती रांग बघत उभे होते. "आपण मंगळवारी," ते म्हणाले. "घाटात आपण आणि माकडं."

आता त्यांचा मूळ सिद्धांत. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या बोर्डाला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. हा नियम त्यांनी परस्पर चौथीला लावून टाकला आहे, आणि तोही उलट्या बाजूने: "म्हणजे पंचवीस टक्के आपलेच." शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. त्याचा पाव हिस्सा ५०. मुलीच्या खात्यात पन्नास दिवसांची पी. एल. पडून आहे आणि कुणी वापरत नाही, या विचाराने हा माणूस अस्वस्थ होतो. एका पालकसभेत, उरलेली रजा पुढच्या इयत्तेत कॅरी फॉरवर्ड होते का, हे विचारायला त्यांनी हात वर केला होता. वहिनींनी तो खाली ओढला.

पैशाचं म्हणाल तर ते खरंच आहे. तारकर्लीला मे महिन्यात जी खोली मिळता मिळत नाही, ती नोव्हेंबरच्या बुधवारी निम्म्या भावात मिळते. "तीच खोली, तोच पंखा, सोलकढी वाढणाऱ्या काकूही त्याच. मग मे महिन्यात आपण जास्तीचे पैसे कशाचे देतो? घामाचे?" यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

सातशेतीनचा मेहुणा इंग्लंडला असतो. तिकडे शाळेच्या परवानगीशिवाय मुलांना सहलीला नेलं तर ऑगस्ट २०२४ पासून आई आणि बाप दोघांनाही, दर मुलामागे, ८० पाउंड दंड आहे; २१ दिवसांत भरला नाही तर १६०. मेहुण्याने हे हबकून सांगितलं. सातशेतीननी शांतपणे मोबाइलवर विमानाचे दर काढले आणि म्हणाले, "दंड भरूनसुद्धा परवडतं की!" तिकडचे जॉन प्लॅट नावाचे गृहस्थ त्यांचे दैवत. २०१५ साली मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाला घेऊन गेले, दंड भरायचा नाकारला आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. ही कथा सातशेतीन क्लबहाउसमध्ये रंगवून सांगतात. एप्रिल २०१७ मध्ये प्लॅट हरले, तो भाग आला की त्यांना नेमका फोन येतो. चाकणच्या कंपनीतून जर्मनीला जाऊन आलेल्या एका मित्राने त्यांना २०१८ची हकिगत सांगितली. बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांसकट निघालेल्या कुटुंबांना अडवून, शाळेची परवानगी आहे का, असं विचारलं होतं. सातशेतीन क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "लोहगावला हे सुरू केलं तर वाकडकरांसाठी वेगळी रांग लावावी लागेल."

शाळा बुडवतात, पण खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा अभिमान. पूर्वी अर्जात 'पोटात दुखत असल्यामुळे' लिहायचे. आता शाळेच्या ॲपवर कारण निवडायचं असतं. ते 'कौटुंबिक' निवडतात. "कुटुंब घेऊनच चाललोय ना?" आदल्या रात्री व्हॅनवाल्या काकांना मेसेज जातो, शुक्रवारपर्यंत नको. काका कारण विचारत नाहीत. त्यांना मोसम कळतो. पहाटे चारला गाडी बायपासला लागली की मागच्या सीटवर उजळणी सुरू.

"टीचरनी विचारलं, कुठे गेला होतात?"

"गावाला."

"शाब्बास. गाव कुठलं?"

"तारकर्ली."

गाव खरं तर कोरेगाव तालुक्यात आहे.

वाकडच्या मूळ गावकऱ्यांना ही उजळणी कधी लागली नाही. हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं, त्या दिवशी गावातलं पोर कुठे आहे हे विचारायची गरजच नसते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना असा देव नाही. म्हणून ॲप.

एका नोव्हेंबरात ते मलाही कुटुंबासकट तारकर्लीला ओढून घेऊन गेले. बुधवारी सकाळी होमस्टेच्या अंगणात पाहतो तर उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या एमएच १४. घावन-चटणीच्या टेबलावर चार कुटुंबं, सगळी पिंपरी-चिंचवडची, आणि सगळी खाली मान घालून खातायत. कुणी कुणाला 'तुम्ही कुठले' विचारेना. शेवटी सातशेतीनचा मुलगा पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवून ओरडला, "पप्पा, ही आमच्या व्हॅनमधली!" त्या मुलीच्या वडिलांना ठसका लागला. संध्याकाळपर्यंत चौघे बाप एका माडाखाली बसून पुढच्या वर्षीच्या तारखा जुळवत होते.

सातशेतीन स्वतःही रजेवर नव्हते, हे तिथे गेल्यावर कळलं. ऑफिसात 'घरून काम' सांगितलं होतं. कॅमेरा बंद, लॅपटॉप मांडीवर, पाय वाळूत. क्लायंटने मागे कसला आवाज येतोय असं विचारल्यावर ते म्हणाले, "एसीचा." त्या एसीला ओहोटी लागेपर्यंत मीटिंग चालली.

शिक्षणाची हेळसांड मात्र नाही हं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसताच बाप मास्तर होतो: १६६४ला बांधकाम सुरू, पायात शिसं ओतलं, आत गोड्या पाण्याच्या विहिरी. "तुमच्या पुस्तकात महाराज किती ओळी? इथे अख्खा किल्ला आहे!" मुलगी मन लावून ऐकते आणि विचारते, "पप्पा, आइस्क्रीम कधी?" वहिनींच्या पिशवीत भडंगाच्या डब्याखाली गणिताची वही असते. ती उघडलेली मी पाहिली नाही.

त्या रात्री माडाखाली ते एकदाच हळू आवाजात बोलले. त्यांचे वडील भोसरी एमआयडीसीत टर्नर होते. तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, शाळेची रविवारची. बापलेक एकाच दिवशी घरी असायचे ते दसऱ्या-दिवाळीलाच. मग अधूनमधून एखाद्या गुरुवारी वडील दप्तराकडे बघून म्हणायचे, "आज राहू दे." चेतकवर पुढे पोरगा उभा, मागे आई, आणि आळंदी नाहीतर देहू. कधी लोणावळा लोकलने मळवली, तिथून चालत एकवीरा. दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगायचं, देवाला गेलो होतो. "वडील भजी भरवायचे," सातशेतीन म्हणाले, "आणि त्या दिवशी त्यांच्या हाताला ऑइलचा वास नसायचा." मग लगेच घसा खाकरून त्यांनी विषय परतीच्या टोलवर नेला.

मला या माणसाचा राग येत नाही असं नाही. वर्गात चाळीस मुलं; प्रत्येकाच्या बापाने आपापले पंचवीस टक्के वसूल करायचे ठरवलं तर त्या टीचरने रोज कुठला धडा कुणासाठी परत शिकवायचा? हे मी त्यांना विचारलं. ते मनापासून म्हणाले, "म्हणून तर मी सगळ्यांना सांगत नाही."

शेजारी म्हणून माणूस सोन्यासारखा. कोकणातून येताना आपल्यासाठी कोकम आणतो, आपण नसताना कुंड्यांना पाणी घालतो. फक्त असे सातशेतीन तुमच्याही मजल्यावर असतील आणि त्यांचं मूल तुमच्या मुलाच्या वर्गात असेल, तर वह्या वेळच्या वेळी पूर्ण करून ठेवा. वह्यांचे फोटो रविवारी रात्री साडेदहाला मागितले जातात, आणि हिंदीचं पान अंधुक आलं तर पुन्हा काढून पाठवावं लागतं.